‘तपासता आला नाही’ हीसुद्धा नोंदच असते

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २८ वर्षांच्या मेकॅनिकल इंजिनियर आहेत. वातानुकूलनाची कामं घेणाऱ्या एका कंपनीत साइटवरची तपासणी आणि कागदपत्रं त्या सांभाळतात. सध्या एका सात मजली खासगी रुग्णालयाचं काम संपत आलंय. हवा नेणाऱ्या डक्टमध्ये मिळून ११८ फायर डॅम्पर, म्हणजे आगीत आपोआप बंद होणाऱ्या झडपा, आहेत. त्यांपैकी ८१ त्यांनी स्वतः बंद करून, पुन्हा उघडून पाहिले. २२ डॅम्पर पक्क्या जिप्सम सीलिंगच्या वर राहिलेत, तिथे हात घालायला दारच ठेवलेलं नाही. उरलेल्या १५ डॅम्परवरचे सिरियल नंबर पुरवठादाराने दिलेल्या सर्टिफिकेटशी जुळत नाहीत. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात, ११८ ओळींपुढे ‘ओके’ लिही, सही कर, हॅन्डओव्हर अडकलाय. याच सरांच्या हाताखाली त्या काम शिकल्या. त्या विचारतात, ‘डॅम्पर तर बसलेलेच आहेत, प्रश्न फक्त कागदाचा आहे. एवढ्यासाठी सरांशी वाकडं घेऊ का? की नोकरीच सोडू? घराचा हप्ता चालू आहे. मी उगाच ताणतेय का?’

उत्तर:

८१ डॅम्पर तुम्ही स्वतः घोडीवर चढून, दार उघडून, बंद करून पाहिलेत. तुमच्या पत्रात ही गोष्ट एका ओळीत येऊन जाते, म्हणून मी ती आधी लिहितो. मी बऱ्याच साइट पाहिल्यात. ड्रॉप टेस्टचा, म्हणजे डॅम्पर सोडून तो बंद होतो का ते पाहिल्याचा, तक्ता ऑफिसात बसून एकाच पेनाने, एकाच दुपारी भरलेला असतो, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. तुमचा तक्ता तसा नाही. उगाच ताणताय का, या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण पुढच्या दोन्ही वाटा, म्हणजे मुकाट्याने सही करणं किंवा राजीनामा देणं, मला तितक्याशा पटत नाहीत. त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबू या.

‘प्रश्न फक्त कागदाचा आहे.’

हे वाक्य तुमचं नाही, सरांचं असावं, आणि ऐकून ऐकून ते तुमच्या तोंडी बसलंय. जे वाचक या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: इमारतीत आग एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून काही भिंती आणि स्लॅब ठरावीक वेळ टिकतील असे बांधतात. पण हवेचा डक्ट त्यातून पलीकडे न्यायचा तर भिंतीला भोक पाडावंच लागतं. फायर डॅम्पर म्हणजे त्या भोकाचं दार. एरवी उघडं. आग लागली की साधारण ७२ अंशांना लिंक, म्हणजे पट्ट्या उघड्या धरून ठेवणारा धातूचा छोटा तुकडा, वितळते किंवा फायर पॅनलकडून सिग्नल येतो, आणि स्प्रिंग पट्ट्या खाडकन बंद करते. दार बंद झालं नाही तर ती भिंत धुरापुरती नसल्यातच जमा.

रुग्णालयात याचा अर्थ काय होतो, ते कोलकात्याने पाहिलंय. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे आमरी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. तळघर पार्किंगसाठी होतं, वापर गोदामासारखा होत होता. ज्वाळा वरच्या वॉर्डांपर्यंत पोचल्याच नाहीत, धूर पोचला, आणि त्याला वर जायला वातानुकूलनाचे डक्ट मिळाले. नव्वदच्या आसपास माणसं गेली. बहुतेक रुग्ण होते, आणि बहुतेकांचा जीव गुदमरून गेला. अमेरिकेत लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात १९८० साली ८५ जण गेले, तिथेही आग खालच्या मजल्यावर होती आणि बहुतेक बळी वरच्या मजल्यांवर धुराने गेले. ज्याला आयसीयूत नळ्या लावल्यात त्याला ‘जिन्याने खाली या’ म्हणता येत नाही. त्याला शेजारच्या सुरक्षित भागात सरकवायचं असतं, आणि तो भाग सुरक्षित राहतो तो या दारांच्या भरवशावर.

आता तुमचे २२ आणि १५. तुम्ही दोन्ही एकाच वाक्यात लिहिलेत. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांतला एकच कागदाचा आहे.

पंधरांचं आधी घेऊ. सिरियल नंबर जुळत नाही याचा अर्थ डॅम्पर खराब आहे असा होत नाही. पुरवठादाराने दुसऱ्या लॉटचा माल पाठवला आणि सर्टिफिकेट पहिल्याचंच जोडलं, असं सर्रास घडतं. तसं असेल तर एका पत्राने काम होईल: नंबर, साइज आणि लेबलचे फोटो पाठवा, त्या नंबरांचे दाखले लेखी मागा. पण दाखला आला की तो वाचा, नुसता फायलीला लावू नका. अग्निचाचणी एका विशिष्ट नमुन्याची झालेली असते, मग ती आपल्याकडे रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत झालेली असो वा परदेशात. नमुना केवढा होता? तुमच्या साइटवरचा मोठा डॅम्पर दाखल्यातल्या कमाल साइजच्या आत बसतो का? नमुना भिंतीत उभा तपासला होता आणि तुम्ही तो स्लॅबमध्ये आडवा बसवलाय का? आणखी एक बारकावा हमखास सुटतो. यूएल ५५५ या अमेरिकन मानकात डॅम्पर दोन तऱ्हेचे असतात, एक फॅन थांबल्यावर बंद होण्यासाठी, दुसरा वाहत्या हवेतही बंद होणारा. पहिल्या तऱ्हेचा बसवला असेल तर आगीचा सिग्नल येताच एएचयू, म्हणजे डक्टमध्ये हवा ढकलणारं फॅनचं यंत्र, थांबलाच पाहिजे. तो थांबतो का, हे डॅम्परच्या दाखल्यात सापडणार नाही. पॅनलवरून सिग्नल देऊन फॅन बघावा लागेल. कागद आणि वस्तू यांची गाठ अशी साइटवरच मारावी लागते.

बावीसांचा प्रश्न मात्र कागदाचा नाहीच. ज्या डॅम्परपर्यंत आज तुमचा हात पोचत नाही, तिथे उद्या कुणाचाच पोचणार नाही. तो आज कदाचित उत्तम असेल. पण सीलिंगच्या वर काय असू शकतं, ते तुम्हाला ८१ पाहून ठाऊक झालंच असेल. मी स्वतः पाहिलेलं सांगतो. डॅम्पर भिंतीत न बसवता भिंतीपासून हातभर अलीकडे डक्टमध्येच लटकवलेला. मध्ये साधा पत्रा, म्हणजे आगीला हातभर वाट मोकळी. स्लीव्हभोवतीची, म्हणजे डॅम्पर ज्यात बसतो त्या पत्र्याच्या चौकटीभोवतीची, फट दिसेल त्या फोमने भरलेली; ती कशाने भरायची, की मोकळी ठेवून नुसते अँगल लावायचे, हे निर्मात्याच्या सूचनापत्रात लिहिलेलं असतं आणि ते पत्र खोक्यात तसंच पडून असतं. प्लॅस्टरचा माल पट्ट्यांवर उडून वाळलेला. डक्ट आणि स्लीव्हचा जोड इतका पक्का रिव्हेट केलेला की आगीत डक्ट कोसळला तर डॅम्परला ओढून घेऊनच खाली येईल. या सगळ्या डॅम्परवर लेबल अगदी बरोबर होतं. सर्टिफिकेटही.

आणि एक प्रसंग जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाची खरी गोम त्यात आहे. काही वर्षांपूर्वी एका ऑफिसच्या इमारतीत जुन्या डक्टच्या बदलासाठी मला बोलावलं होतं. पाचव्या मजल्यावर शाफ्टजवळचं (डक्ट वर नेणाऱ्या उभ्या पोकळीजवळचं) ॲक्सेस डोअर, म्हणजे तपासणीचं दार, उघडलं, टॉर्च मारला. डॅम्परच्या लिंकेजला, म्हणजे पट्ट्या हलवणाऱ्या दांडीला, बाइंडिंग वायरचे चार वेढे, टोकं पक्कडीने पिळून आत वळवलेली. काम नीट हाताने केलेलं होतं. ऑपरेटरला विचारलं. तो लपवाछपवी न करता म्हणाला, ‘साहेब, याची मोटर जळलीय. वीज मिळाली नाही की स्प्रिंग बंद करते. मजल्यावर हवा जात नव्हती, रोज बोंब. मी तीनदा सांगितलं, मोटर काही आली नाही. मग बांधून टाकला.’ त्याच्या जागी असतो तर त्या उन्हाळ्यात मीही काय केलं असतं, कुणास ठाऊक. खाली येऊन रजिस्टर काढलं. त्या डॅम्परपुढे दर सहा महिन्यांनी एक, अशा सात नोंदी. सातही ‘चालू स्थितीत’.

मोटर का आली नाही, ते मला त्या रजिस्टरने सांगितलं. जो डॅम्पर कागदावर चालू आहे त्याच्यासाठी मोटर मागवणार कोण? खरेदी विभागाने ‘नादुरुस्त’ची नोंद मागितली असती तर ती कुठेच नव्हती. एक खरा शेरा, ‘मोटर जळाली, पट्ट्या बांधून ठेवल्या आहेत’, लिहिला गेला असता तर कुणीतरी अडचणीत आलं असतं आणि मोटर बदलली गेली असती. ‘ओके’ लिहिल्याने एक चूक लपली, हे तर झालंच. त्याहून वाईट म्हणजे तिच्या दुरुस्तीचं दार बंद झालं. तुमच्या बावीसांपुढे आज ‘ओके’ पडलं तर पुढची दहा-पंधरा वर्षं कुणीही, अगदी चांगल्या मनाचा मेंटेनन्स इंजिनियरसुद्धा, ते सीलिंग उघडण्याचा खर्च मंजूर करून घेऊ शकणार नाही. त्याला विचारतील, ‘हॅन्डओव्हरच्या वेळी तपासलेत ना? मग?’ आणि पुरावा म्हणून तुमची सही दाखवतील.

‘हॅन्डओव्हर झाला की बघू’ या आश्वासनाचं वजनही इथेच कळतं. सर खोटं बोलताहेत असं मी म्हणत नाही. पण रुग्णालय सुरू झाल्यावर वॉर्डातलं सीलिंग फोडायचं तर पेशंट हलवावे लागतात, धूळ, जंतुसंसर्गाची भीती, रात्रीची परवानगी. आज खोल्या रिकाम्या आहेत. जिप्सम कापून चौकोनी दार बसवणं आज दोन सुतारांचं थोड्या दिवसांचं काम आहे. तेच वर्षभराने युद्ध होईल.

आता तुमच्या सहीबद्दल. आपल्या राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. इमारतीतली यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी तो मालकावर किंवा भोगवटादारावर टाकतो. यंत्रणा बसवल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म ‘ए’, परवानाधारक एजन्सी देते, आणि पुढे दर जानेवारी व जुलैमध्ये देखभालीचा फॉर्म ‘बी’ द्यायचा असतो. त्यावर तुमची सही नसते. म्हणून ‘आपला तक्ता तर आतल्या फायलीतला’ असं वाटू शकतं. पण उतरंड पाहा: एजन्सी तुमच्या तक्त्यावर विसंबते, रुग्णालय एजन्सीवर, अग्निशमन अधिकारी या दोघांवर. अधिकारी एका भेटीत ११८ डॅम्पर उघडून पाहू शकत नाही, नमुन्याला काही पाहील. प्रत्यक्ष डॅम्परला हात लावणारं शेवटचं माणूस तुम्हीच आहात. ‘वरचे तपासतीलच’ असं ज्याला म्हणता येईल असा वरचा कुणी नाही.

मग करायचं काय? माझ्या मते तुमच्या तक्त्यात तिसरा रकाना नाही, सगळी कोंडी तिथे आहे. ‘ओके’ आणि ‘नॉट ओके’ असे दोनच पर्याय छापले की माणूस खोटं तरी लिहितो नाही तर भांडण तरी ओढवून घेतो. ‘तपासता आला नाही, कारण...’ हा रकाना स्वतःच्या हाताने आखा. ती नामुष्की नाही, रीतसर नोंद आहे. ८१ पुढे ‘बंद केला, उघडला, लिंक परत लावली’, तारीख आणि सही. २२ पुढे ‘पोच नाही, ॲक्सेस डोअर हवं’, सोबत ड्रॉइंगवरच्या ग्रिडलाइनवरून नेमकी जागा. १५ पुढे ‘यांत्रिक चाचणी झाली’ किंवा ‘झाली नाही’, जे खरं असेल ते, आणि ‘दाखला प्रलंबित’. मग खाली एका वाक्यात लिहा की ही सही मी स्वतः पाहिलेल्या ओळींपुरती आहे. एवढं केलंत की ‘सही करायची नाही’ असं म्हणायची वेळच येत नाही. सही तुम्ही करताच आहात, खऱ्याखाली.

सरांशी बोलताना फाइल घेऊन, एकट्या भेटा. मीटिंगमध्ये चारचौघांत नको. ‘हे चुकीचं आहे’ असं सुरू केलंत तर ते स्वतःचा बचाव करतील. त्याऐवजी कामाची गोष्ट पुढे ठेवा: ‘सर, ८१ झालेत. २२ साठी मी जागा काढल्यात, मजल्यावार यादी केलीय, सुताराचा अंदाज घेतलाय. पंधरांचं पत्र पुरवठादाराला आजच जाऊ दे. क्लायंटला आपण अंशतः हॅन्डओव्हर देऊ आणि हे सदतीस उरलेल्या कामांच्या यादीत टाकू.’ त्यांच्यावर बिलाचं दडपण आहे, त्यांच्याही वर कुणी आहे. बाहेर पडायला वाट दिलीत तर ते ती घेतील, अशी मला बऱ्यापैकी आशा वाटते. ज्याने तुम्हाला काम शिकवलं, त्याला डॅम्पर कशासाठी असतो हे पक्कं ठाऊक असणार. त्याच दिवशी संध्याकाळी एक छोटी ईमेल टाका. तक्रारीचा सूर नको: ‘आज बोलल्याप्रमाणे ८१ ची चाचणी पूर्ण, २२ ला पोच नाही, १५ चे दाखले यायचे आहेत, तक्ता जोडला आहे.’ एवढंच. तारखेसह ती राहते. साइटची डायरीही रोज स्वतःच्या अक्षरात लिहीत जा. कंपनीची कागदपत्रं मात्र घरी नेऊ नका, त्याने तुमचीच बाजू लंगडी होईल.

सीलिंग बंद होताना तिथे दार ठेवायला हवं होतं, ते कुणाच्या ड्रॉइंगमध्ये सुटलं, हा वाद निघेल. सीलिंगवाला डक्टवाल्याकडे बोट दाखवेल, डक्टवाला आर्किटेक्टकडे. त्या वादात तुम्ही पडू नका. खर्च कुणाचा हे ठरेल तेव्हा ठरेल, भोकं आधी पडू द्यात. पाडताना दार एवढं हवं की हात आणि टॉर्च एकाच वेळी आत जाईल. आणि सीलिंगला दार केलं पण वर डक्टलाच दार नाही, अशी गंमत होऊ देऊ नका. पट्ट्या दिसायच्या तर डक्टलाही हवं.

आणि सरांनी नाहीच ऐकलं तर? तक्ता बदलून दुसऱ्या कुणाची सही घेतली तर? तेव्हा कंपनीतच एक पायरी वर जा, मग प्रकल्पाच्या कन्सल्टंटला लेखी कळवा. चाचणीचे तक्ते तपासणं हे त्यांचंच काम असतं, त्यामुळे ती चहाडी ठरत नाही. एवढं होऊनही बावीस झाकून रुग्णालयात पेशंट घेणार असतील, तर अग्निशमन विभागाला कळवण्याची वाट आहे. ती मी सहज सुचवत नाही. तिची किंमत तुम्ही मोजाल, मी नाही, आणि हप्ता चालू असलेल्या माणसाला धीराचे सल्ले देणं सोपं असतं. पण २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातली दहा बाळं गेली, तेव्हा आपण सगळ्यांनी विचारलं होतं, ‘आधी कुणी बोललं कसं नाही?’ त्या प्रश्नाचं उत्तर देण्याची वेळ कधीतरी एखाद्यावर येते.

नोकरी आज सोडू नका. तुम्ही गेलात तर त्या जागी येणाऱ्याने ८१ पाहिलेले नसतील, तो ११८ ओळी एका दुपारी भरेल. पण दुसरीकडे चौकशी सुरू ठेवायला हरकत नाही. आणि मुलाखतीत कुणी विचारलं तर हा तक्ता कसा केलात ते सांगा. चांगल्या कन्सल्टंटांना अशी माणसं हवी असतात, आणि मिळत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

इतर वाचकांत रुग्णालयाचे प्रशासक असतील, मोठ्या सोसायट्यांचे सेक्रेटरी असतील. तुमच्या हाती हॅन्डओव्हरची जाड फाइल येते तेव्हा त्यातलं एकच पान मागा: डॅम्परची यादी. प्रत्येकाला नंबर हवा, तोच नंबर ड्रॉइंगवर आणि तोच सीलिंगच्या दारावर. जागा, साइज, भिंत की स्लॅब, निर्माता, सिरियल नंबर, किती मिनिटांचा, लिंक की मोटर, शेवटची चाचणी कधी, कुणी केली. सीलिंग बंद होण्याआधीचा फोटो हवा, ज्यात मार्करने लिहिलेला नंबर आणि भिंत दोन्ही दिसतात. मग यादीतले कुठलेही पाच नंबर तुम्ही निवडा आणि म्हणा, ‘हे आत्ता उघडून दाखवा.’ पाचही सापडले, बंद झाले, परत उघडले, तर फाइल बरीचशी खरी आहे. एखाद्यापर्यंत पोचताच येईना तर अंतिम बिल थांबवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चाचणी किती दिवसांनी, असं विचाराल तर अमेरिकेतलं एनएफपीए ८० हे मानक बसवल्यानंतर एका वर्षाने आणि मग दर चार वर्षांनी सांगतं, रुग्णालयांना सहा. ब्रिटनमध्ये दरवर्षीचा रिवाज आहे. आपल्याकडची धूळ, दमट हवा आणि गंज पाहता मी दरवर्षी म्हणेन. नाही तरी फॉर्म ‘बी’ वर्षातून दोनदा भरायचाच असतो, तेव्हा निम्मे निम्मे उघडून बघा.

आता पुन्हा तुमच्याकडे. सोमवारी सरांशी बोलून झालं की तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात करा. तुम्ही लिहिलंय की आयसीयू तिथे आहे आणि बावीसांपैकी नऊ तिथेच आहेत. सोबत एक सुतार, एक हेल्पर, मार्कर आणि फोटो काढायला दुसरा माणूस. दार उघडण्याआधी एएचयू बंद करून पॅनलला पाटी लावा. पट्ट्यांच्या मध्ये बोट घालू नका, स्प्रिंग फार जोरात बसते. आणि प्रत्येक चाचणीनंतर लिंक परत अडकवून पट्ट्या उघड्या आहेत याचा शेवटचा फोटो घ्या. तपासून बंदच राहून गेलेला डॅम्परच पुढे कुणीतरी वायरने बांधून ठेवतो.